तवसाळ–जयगड, जयगड–तवसाळ

कुंभार्ली घाटात तिसऱ्या वळणावर शाल्मली ओकली,
चौथ्या वळणावर, तिला बघून, ओजस.
आलेपाक, लिंबू, पिशव्या, जुना टॉवेल,
सगळं होतं बरोबर.
हात तेवढे दोनच.

हेमंतनं महिनाभर आधी वहीच्या कागदावर
आखून ठेवली होती सुट्टी:
किल्ला, दीपगृह, ताजे मासे,
सूर्य बुडण्याआधी किनारा.
समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा
गाडी थांबवून तो म्हणाला, "बघा!"
मागच्या सीटवर अर्ध्या बिस्किटावरून
घनघोर लढाई जुंपली होती.
समुद्र बिचारा थांबला थोडा वेळ,
मग गेला सुरूच्या बनामागे.

गुहागरात ओजसला आवडला
सुपारीच्या बागेतला नळ.
शाल्मलीला, नळाखाली पाणी प्यायला येणारी
लंगडी कोंबडी.
लाट पायाला लागली की दोघं किंचाळत,
आनंदानं नव्हे.
सुरमई नापास, सोलकढी नापास.
आरेकरकाकू दोन्ही वेळा दारात येऊन विचारत,
"मऊ भातच लावू ना गो परत?"
आणि मी अपराध्यासारखी मान हलवी.

तिसऱ्या दिवशी तवसाळच्या धक्क्यावर
ती आली.
गंजलेली, डिझेलच्या वासाची, कसलीच घाई नसलेली.
काठाशी येऊन तिनं आपला लोखंडी ओठ
जमिनीवर टेकवला.
खण्ण.
त्या ओठावरून एक टेम्पो उतरला, दोन स्कूटर,
डोक्यावर कोळंबीची पाटी घेतलेली एक बाई.
शाल्मलीनं माझं बोट सोडलं.
अख्ख्या सहलीत पहिल्यांदा
ती काहीच बोलली नाही.

पलीकडे जयगड. कागदावरची पहिली खूण.
"परत जाऊ या," ती म्हणाली.
अगं, किल्ला बघू आधी, केवढे बुरूज आहेत...
"परत."
दोर धरणारा रज्जाक हसला.
त्याचा पुढचा एक दात नव्हता, तिचाही नव्हता.
झालं, जमलं दोघांचं.

मग आम्ही परत गेलो. आणि परत आलो.
तिसऱ्या खेपेला तर रज्जाकच्या आधी तीच ओरडली, "सोऽऽड!"
आणि साखळी खरंच सुटली.
किल्ला उन्हात एकटाच उभा होता,
त्याला तशी सवय असावी.

चौथ्या खेपेला ओजस झोपला सीटवर,
म्हणून मी खाली उतरलेच नाही.
काच खाली केली.
इंजिनाची धडधड पाठीला लागत होती.
पुढे कठड्याशी हेमंत, त्याच्या खांद्यावर शाल्मली,
दोघांच्या पाठी माझ्याकडे.
कुणाला शू आली नव्हती. कुणाला भूक नव्हती.
माझ्या मांडीवर काहीच नव्हतं.
केवढी मोठी असते आपली मांडी!
खाडीवर एक घार गोल गोल फिरत होती,
मी तिच्याकडे बघत राहिले,
कुणालाही "ती बघ घार" न म्हणता.

अकरा मिनिटं. फार तर बारा.

खण्ण.
तवसाळ. हेमंत येऊन बसला,
मुलीला मागे आडवी केली, किल्ली फिरवली.
"चला, सुटलो एकदाचे," तो म्हणाला.

"अजून एकदा जाऊ या?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
पलीकडे गेलो की परत यावं लागणार,
म्हणजे सहा खेपा, म्हणजे अंधार,
म्हणजे काकूंचा मऊ भात गार.
हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं
आणि तो तिकीट काढायला उतरला.

दोर गोळा करता करता रज्जाकनं विचारलं,
"काय साहेब, बेबीचं मन नाय भरलं?"

"नाही ना," हेमंत म्हणाला.

शाल्मली केव्हाच झोपली होती,
तोंड उघडं टाकून,
मुठीत तिकिटांचा चोळामोळा.